गरीब देशातल्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी दान द्यायचंय? संस्था कशी निवडायची, पैसे कसे पाठवायचे

‘अमुक इतके डॉलर द्या, एका बाळाचा दुभंगलेला ओठ शिवला जाईल.’ असं वाचलं की मन हलतं आणि हात कार्डाकडे जातो. जाऊ द्यावा, मी अडवणार नाही. पण त्या एका ओळीत असं गृहीत धरलेलं असतं की शस्त्रक्रिया फक्त पैशांवाचून अडली आहे. कधी खरंच तसं असतं. कधी सर्जन नसतो, कधी भूल देणारं कोणी नसतं, आणि कधी सगळं सज्ज असूनही रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचत नाही. तुमचे पैसे यातली नेमकी कुठली अडचण सोडवणार हे कळलं की संस्था निवडायचं निम्मं काम झालं. लेखाचा पहिला भाग त्यासाठी आहे. दुसऱ्या भागात पैसे पाठवण्याची, करसवलतीची आणि पावत्यांची कटकट आहे.

आधी थोडे आकडे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2015 साली हिशेब मांडला होता. त्यानुसार जगातल्या सुमारे 500 कोटी लोकांना गरज पडल्यावर सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. वर्षाला आणखी 14 कोटी 30 लाख शस्त्रक्रिया व्हायला हव्यात. जगात होतात त्या साधारण 31 कोटी, आणि त्यातल्या जेमतेम 6 टक्के सर्वांत गरीब देशांत, जिथे जगाची एक तृतीयांशाहून जास्त वस्ती आहे. याच अहवालातला आणखी एक आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शस्त्रक्रियेच्या बिलापायी दरवर्षी 3 कोटी 30 लाख लोकांचं घरचं गणित कोलमडतं. प्रवास, राहणं, खाणं यांचा खर्च धरला तर आणखी 4 कोटी 80 लाख लोक त्यात येतात. म्हणजे ऑपरेशन फुकट असलं तरी एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी माणसाला मारते. हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पायरी 1: कुठल्या शस्त्रक्रियेसाठी द्यायचं ते ठरवा

‘आरोग्यासाठी’ असं ढोबळ दान देण्यापेक्षा एक आजार निवडावा. संस्थांची तुलना करणं त्याने सोपं जातं. दानावर मोठ्या प्रमाणात होणाऱ्या आणि पैशाच्या मानाने भरपूर फायदा देणाऱ्या शस्त्रक्रिया चार-पाचच आहेत.

मोतीबिंदू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार मोतीबिंदूमुळे दृष्टी गेलेले किंवा बरीच अधू झालेले 9 कोटी 40 लाख लोक आहेत. तंत्राने स्वस्ताई कशी येते ते इथे सर्वांत चांगलं दिसतं. काठमांडूचे डॉ. सन्दुक रुइत यांनी लहान छेदाची, बिनटाक्याची पद्धत घासूनपुसून नेपाळच्या डोंगरी शिबिरांत वापरण्याजोगी केली. ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडणाऱ्या महागड्या फेको यंत्राने केलेली शस्त्रक्रिया आणि ही हाताने केलेली, अशी थेट तुलना नेपाळात 108 रुग्णांवर झाली. 2007 साली तिचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनंतर नजर दोन्हीकडे जवळपास सारखीच होती, फक्त हाताची पद्धत कमी वेळाची आणि कमी खर्चाची ठरली. डोळ्यात बसवायचं भिंग ही दुसरी अडचण होती. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने 1992 साली ऑरोलॅब काढून ती भिंगं स्वतः बनवायला घेतली आणि शंभर डॉलरच्या आसपासची वस्तू दहा डॉलरच्या आत आणली. नेपाळ, इथिओपिया, घाना या देशांत काम करणारं क्युअर ब्लाइंडनेस (जुनं नाव हिमालयन कॅटरॅक्ट प्रोजेक्ट) आणि ऑस्ट्रेलियाचं फ्रेड हॉलोज फाउंडेशन या दोन संस्थांपासून शोधाला सुरुवात करता येईल.

प्रसूतीतला फिस्टुला. याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही, म्हणून जरा सविस्तर. बाळंतपण अडतं, कळा दोन-दोन, तीन-तीन दिवस चालतात आणि सिझेरियन करणारं जवळ कोणी नसतं. बाळाच्या डोक्याच्या दाबाने योनिमार्ग आणि मूत्राशय यांच्यामधला भाग मरतो आणि तिथे भोक पडतं. बाळ बहुतेक वेळा दगावतं. बाई वाचते, पण लघवी सतत गळत राहते, कधी शौचही. नवरा टाकतो, शेजारपाजार दूर बसवतो. आफ्रिका आणि आशियात अशा वीस लाखांहून जास्त बायका उपचाराविना जगतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. शस्त्रक्रियेने बहुतेकजणी बऱ्या होतात. अदिस अबाबात डॉ. कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅम्लिन या दाम्पत्याने 1974 साली फक्त याच आजाराचं रुग्णालय उभारलं. 2000 साली सुरू झालेलं फिस्टुला फाउंडेशन आधी त्याच रुग्णालयाला मदत करत असे. आता ते आफ्रिका-आशियातल्या अनेक रुग्णालयांना पैसे पुरवतं, आणि एका शस्त्रक्रियेचा सरासरी खर्च सहाशे डॉलरच्या आसपास सांगत आलं आहे.

दुभंगलेला ओठ आणि टाळू. साधारण सातशे बाळांत एकाला. जाहिरातीत ओठच दिसतो, कारण आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवता येतो. टाळू दिसत नाही. पण बाळाला दूध ओढता येणं आणि पुढे त्याचं बोलणं लोकांना कळणं हे टाळूवर अवलंबून असतं. टाळू शिवल्यावर वाचाउपचार लागतात, पुढे दातांचं काम लागतं, काहींना दुसरी-तिसरी शस्त्रक्रियाही लागते. म्हणून या क्षेत्रातल्या संस्थेला विचारायचा पहिला प्रश्न: ओठानंतर काय? स्माइल ट्रेन (1999) आणि ऑपरेशन स्माइल (1982) ही इथली मोठी नावं.

जन्मतः वाकडं पाऊल. इथे मोठी शस्त्रक्रिया टाळण्यासाठी पैसे द्यायचे असतात. आयोवाच्या डॉ. इग्नासिओ पोन्सेटींच्या पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ करतात, बहुतेक मुलांची टाचेची शीर बारीक छेद देऊन मोकळी करतात, आणि मग चार-पाच वर्षांचं होईपर्यंत मूल रात्री विशिष्ट बूट घालून झोपतं. खरी कसोटी त्या बुटांच्या वर्षांत असते. प्लास्टर निघाल्यावर आई-बापांना वाटतं, झालं बरं. बूट कोपऱ्यात जातात आणि पाऊल पुन्हा वळतं. म्हणून इथे पैसे शस्त्रक्रियेपेक्षा पाठपुराव्याला लागतात.

आणि हर्निया. याची जाहिरात कोणी करत नाही, कारण फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही. पण हमाली करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसाचा रोजगार यापायी जातो. पोटाची भिंत बळकट करायला जी जाळी बसवतात ती बाजारात शंभर डॉलरच्या वर मिळत असे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि 2003 साली इतर सर्जनांना सोबत घेऊन त्याचे निष्कर्ष छापले. युगांडात सुमारे तीनशे पुरुषांवर झालेला मच्छरदाणीच्या जाळीचा पद्धतशीर अभ्यास 2016 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. वर्षभरानंतर महागड्या आणि स्वस्त जाळीच्या निकालांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. हर्नियासाठी दान मागणारी संस्था सापडली तर जाळी कुठली वापरता हे जरूर विचारा.

एक गोष्ट लपवून ठेवणं बरोबर नाही. दानाच्या परिणामाचा काटेकोर हिशेब करणाऱ्या गिव्हवेल या अमेरिकी संस्थेच्या अग्रक्रमाच्या यादीत मच्छरदाण्या, मलेरियाच्या गोळ्या, जीवनसत्त्व अ, लसीकरण हे आहे. शस्त्रक्रियेची संस्था एकही नाही. कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त जीव वाचवणं एवढंच ध्येय असेल तर तिकडे द्या. शस्त्रक्रियेला दान देण्याची माझी कारणं वेगळी आहेत. आंधळेपण, गळती, लंगडेपण यांनी माणूस मरत नाही, पण त्याचं जगणं थांबतं, आणि ते एका दिवसात बदलता येतं.

पायरी 2: गाडी कुठे अडली आहे ते शोधा

अरविंद नेत्र रुग्णालय 1976 साली मदुराईत 11 खाटांवर सुरू झालं. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या मिळकतीतून तिथे न देणाऱ्यांची शस्त्रक्रिया होते. म्हणजे ‘एका मोतीबिंदूचे पैसे’ ही तिथे मुळात अडचणच नाही. तुमच्या दोन हजारांनी तिथे एक डोळा वाढेलच असं नाही. भारतात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोफत मोतीबिंदू शस्त्रक्रियांसाठी सरकार स्वयंसेवी रुग्णालयांना अनुदान देतं. मग एकाच डोळ्याचे पैसे सरकारकडून आणि दात्याकडूनही घेतले जात नाहीत ना? विचारायला लाजू नका. चांगल्या संस्था याचं उत्तर सरळ देतात: ‘अनुदानात इतकं भागतं, वरची तूट देणगीतून.’

फिस्टुलाचं उलट आहे. तिथे बाई सापडणं हेच मोठं काम. लाजेने घरात कोंडून घेतलेल्या बाईला हा आजार बरा होतो हेच ठाऊक नसतं. रेडिओवरची जाहिरात, गावोगाव फिरणाऱ्या बऱ्या झालेल्या बायका, येण्या-जाण्याचं भाडं, शस्त्रक्रियेआधी राहायची सोय, यांवर पैसे खर्च होतात. ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून कोणी याला नाकं मुरडली तर त्याला आजारच कळलेला नाही.

काही वेळा अडचण खाटेची असते. फिस्टुला शिवल्यावर मूत्रमार्गात नळी ठेवतात. पूर्वी ती दोन आठवडे ठेवण्याची रीत होती. आठ आफ्रिकी देशांतल्या 524 बायकांवर झालेल्या अभ्यासात (2015) सात दिवस नळी ठेवलेल्या बायकाही चौदा दिवसवाल्यांइतक्याच बऱ्या झाल्याचं दिसलं. सरळसाध्या केसमध्ये आठवडा वाचला की तीच खाट दुसरीला मिळते. नव्या वॉर्डसाठी देणगी मागणाऱ्या संस्थेला हे माहीत आहे का, एवढ्यावरूनही बरंच कळतं.

आणि कधी अडचण असते ती भुलेच्या सुरक्षिततेची. बोटाला चिमट्यासारखं लावतात ते ऑक्सिमीटर कोविडपासून आपल्या घराघरांत आलं. पण 2010 च्या एका अंदाजानुसार जगातल्या 77 हजारांहून जास्त ऑपरेशन थिएटरांत ते नव्हतं. त्यासाठी 2011 साली लाइफबॉक्स ही संस्था निघाली. तिचे एक संस्थापक डॉ. अतुल गवांदे, ज्यांचं मूळ घराणं यवतमाळ जिल्ह्यातलं. जागतिक आरोग्य संघटनेची 19 कलमी सुरक्षा तपासणी यादी तयार करण्यातही त्यांचा पुढाकार होता. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आल्याचं 2009 साली छापून आलं. कुठल्याही एका रुग्णाचा फोटो न दाखवता हजारो शस्त्रक्रिया सुरक्षित करणारं हे काम आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने त्याला देणगी कमी मिळते.

पायरी 3: ‘एका शस्त्रक्रियेची किंमत’ स्वतः काढा

जाहिरातीतला आकडा खोटा असतो असं नाही, पण तो बहुधा रुग्णालयाला दर केसमागे दिलेल्या पैशांचा असतो. सर्जनचं प्रशिक्षण, यंत्रं, रुग्ण शोधणं, संस्थेचे पगार आणि खुद्द जाहिरात हे त्यात धरलेलं नसतं. पूर्ण हिशेब अर्ध्या तासात काढता येतो.

अमेरिकी संस्था असेल तर तिचं ‘फॉर्म 990’ हे वार्षिक विवरण इंटरनेटवर फुकट मिळतं. प्रोपब्लिका या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या ना-नफा संस्थांच्या शोधयंत्रावर नाव टाकलं की झालं. चार ठिकाणी बघा. भाग 3 मध्ये वर्षभरात काय केलं ते शब्दांत असतं आणि शस्त्रक्रियांची संख्या बहुधा इथे सापडते. भाग 8 मधल्या 1जी या ओळीत वस्तुरूपाने मिळालेल्या देणग्या असतात. भाग 9 मध्ये खर्चाची फोड, आणि शेड्यूल एफमध्ये जगाच्या कुठल्या भागात किती पैसे गेले ते.

समजा एका संस्थेने वर्षात 1 कोटी 20 लाख डॉलर खर्च दाखवला. त्यातले 30 लाख म्हणजे कंपन्यांनी दिलेली औषधं आणि सामान, ज्याची किंमत कागदावर लावलेली आहे. उरला रोख खर्च 90 लाख. शस्त्रक्रिया झाल्या 12,000. भागाकार केला की एका शस्त्रक्रियेला 750 डॉलर. जाहिरातीत मात्र 250 लिहिलेलं. लगेच चोर-चोर म्हणून ओरडू नका. हीच संस्था लाखभर लोकांचे डोळे तपासत असेल, परिचारिका शिकवत असेल, तर 750 हा आकडा तिच्यावर अन्याय करणारा आहे. पण दोन संस्थांची तुलना करायची तर दोन्हीकडे हाच भागाकार लावा. एकीचा 250 आणि दुसरीचा 750 असं समोरासमोर ठेवलंत तर फसाल.

वस्तुरूप देणग्या वजा करण्याबद्दल मी आग्रही आहे. मुदत संपत आलेल्या औषधांची छापील किंमत धरली की ‘शंभरातले पंच्याण्णव रुपये थेट कामावर’ असं म्हणणं फार सोपं होतं.

‘तुमचे सगळे पैसे रुग्णालाच’ असं सांगणाऱ्या संस्था असतात. 2012 साली सुरू झालेलं वॉत्सी हे त्याचं गाजलेलं उदाहरण. एकेका रुग्णाच्या नावाने तिथे पैसे जमतात आणि कार्यालयाचा खर्च वेगळ्या दात्यांकडून येतो. यात वावगं काही नाही. फक्त भाडं आणि पगार कोणीतरी भरतंच आहे, एवढं ध्यानात असू द्या. निव्वळ प्रशासकीय टक्केवारी बघून संस्था निवडू नका. पाच टक्क्यांत कारभार चालवणारी आणि रुग्णांचा पुढचा हिशेबच न ठेवणारी संस्था मला नको.

पायरी 4: शिबिर, जहाज की कायमचं रुग्णालय?

अमेरिकेत स्थायिक झालेले मराठी प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित वर्षानुवर्षं भारतात येऊन शिबिरं घेत आणि दुभंगलेले ओठ मोफत शिवत. 2001 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2011 साली ते गेले. ज्या काळात गावात दुसरं काहीच नव्हतं त्या काळात अशा शिबिरांनी हजारो मुलांचं आयुष्य बदललं, याबद्दल दुमत नाही. आज मात्र शिबिराला पैसे देण्याआधी विचारावं: पाहुणे डॉक्टर विमानात बसल्यावर तिसऱ्या दिवशी टाका उसवला तर बघणार कोण? स्थानिक सर्जन टेबलाशी हात चालवतो की नुसता उभा असतो?

मर्सी शिप्सची तरंगती रुग्णालयं एका देशाच्या बंदरात महिनोन् महिने मुक्काम करतात. त्यांचं ग्लोबल मर्सी हे जहाज 2023 साली पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या फ्रीटाउनला गेलं. हे शिबिर आणि कायमचं रुग्णालय यांच्या मधलं. महाग खरं, पण अवघड गाठी आणि व्यंगं, ज्यांना त्या देशात दुसरा इलाजच नाही, ती तिथे निघतात.

माझा कल उघड आहे: वर्षभर चालणारं, त्याच देशातल्या माणसांनी चालवलेलं रुग्णालय. अदिस अबाबाच्या रुग्णालयात मामितू गाशे ही तरुणी फिस्टुलाची रुग्ण म्हणून हॅम्लिन दाम्पत्याकडे आली. शाळेचं तोंड न पाहिलेली. आधी अंथरुणं घालणं, मग थिएटरात हाताखाली काम करणं, असं करत ती स्वतः फिस्टुला शिवायला शिकली, बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांना शिकवू लागली, आणि 1989 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने केलेल्या गौरवात तिचाही वाटा होता. शिबिरात असा माणूस घडत नाही.

जाता जाता, परदेशस्थ डॉक्टर मंडळींसाठी: दवाखाना नवा करताना निघालेली जुनी यंत्रं जहाजाने पाठवायची कल्पना मोहक असते. 2011 सालच्या एका अभ्यासात गरीब देशांच्या रुग्णालयांतली जवळपास 40 टक्के यंत्रं बंद अवस्थेत आढळली. सुटे भाग, दुरुस्ती करणारा आणि योग्य दाबाची वीज यांची खात्री नसेल तर कंटेनरच्या भाड्याइतके पैसेच पाठवा.

पायरी 5: संस्थेला एक मेल टाका

दोन-तीन संस्था निवडून त्यांना पुढचे प्रश्न पाठवा. हजार रुपये देणाऱ्यालाही हा हक्क आहे.

– मागच्या वर्षी किती शस्त्रक्रिया केल्या, आणि किती रुग्ण ठरलेल्या तारखेला परत तपासायला आले?
– निकाल कसा मोजता? (मोतीबिंदूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची बरीच वर्षं वापरात असलेली कसोटी: निदान 80 टक्के डोळ्यांना 6/18 किंवा त्याहून चांगली नजर, म्हणजे निरोगी डोळ्याला 18 मीटरवरून दिसतं ते निदान 6 मीटरवरून दिसणं. फिस्टुलासाठी: भोक बुजलं का, आणि बुजूनही गळती राहिली का? हे दोन वेगळे आकडे आहेत.)
– किती रुग्ण दगावले, किती जणांना जंतुसंसर्ग झाला?
– रुग्णाला पदरचं काय भरावं लागतं?
– या वर्षी आणखी पैसे आले तर नेमकं काय वाढेल?

शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी. ‘आणखी रुग्णांना मदत करू’ हे उत्तर नव्हे. ‘अमुक जिल्ह्यातल्या रुग्णालयात दुसरा भूलतज्ज्ञ ठेवता येईल, मग आठवड्याला एकाऐवजी दोन दिवस थिएटर चालेल’ हे उत्तर. आणि मृत्यूच्या प्रश्नावर ‘आमच्याकडे एकही नाही’ असं हजारो शस्त्रक्रिया करणारी संस्था सांगत असेल तर ती मोजत नसावी असं मी धरून चालतो. उत्तरच आलं नाही, नुसती छापील आभाराची मेल आली, तर पुढच्या संस्थेकडे वळा.

पायरी 6: फोटो आणि एकेकट्या रुग्णाची हाक

नाव, फोटो आणि गोष्ट सांगून पैसे जमवण्याच्या पद्धतीत बऱ्याचदा शस्त्रक्रिया आधीच झालेली असते. तुमचे पैसे रुग्णालयाची गंगाजळी भरून काढतात आणि पुढच्या रुग्णाला उपयोगी पडतात. यात फसवणूक नाही, रुग्णाला पैशांसाठी थांबवून ठेवणं उलट वाईट. संस्थेने ते स्पष्ट लिहिलेलं असावं इतकंच. रुग्णाची संमती त्याच्या भाषेत घेतली का, नकार दिला तरी उपचार होतात का, हेही लिहिलेलं असावं. आणि ते फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर पुढे ढकलू नका. त्या बाळाला मोठं व्हायचंय.

पायरी 7: भारतातून पैसे पाठवताना

परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर भारतात करसवलत नाही. 80जी म्हणून आपण ओळखतो ती सवलत भारतात नोंदलेल्या आणि मान्यता असलेल्या संस्थांपुरती. त्यातही नवी करप्रणाली घेतली असेल तर ती मिळत नाही, रोखीने 2,000 रुपयांच्या वर दिलं तर मिळत नाही, आणि बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या 50 टक्केच रक्कम, तीही उत्पन्नाच्या 10 टक्क्यांच्या मर्यादेत, धरली जाते. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत. पावती देणारे कारकून अजून ‘एटी-जी’च म्हणतील. पावतीपेक्षा महत्त्वाचं ते संस्थेने आयकर खात्यात नोंदवून दिलेलं प्रमाणपत्र, आजवर ज्याला फॉर्म 10बीई म्हणत आले. ते आलं नाही तर विवरणपत्रात सवलत अडकते.

कोणी 80जीची पावतीही देतो आणि ‘तुमचे पैसे केनियाला जातील’ असंही सांगतो, तर थांबा. भारतीय धर्मादाय संस्थेने पैसा देशाबाहेर खर्च केला तर खास मंजुरीशिवाय तिची स्वतःची करमाफी अडचणीत येते. स्माइल ट्रेन, डोळ्यांसाठी काम करणारं साइटसेव्हर्स यांच्या भारतातल्या शाखांना दिलेले पैसे सहसा भारतातल्याच रुग्णांवर खर्च होतात. त्यात वाईट काही नाही. तुम्हाला नेमकं कुठे द्यायचंय हे स्पष्ट असलं म्हणजे झालं.

सवलत नको, पैसे इथिओपियालाच पाठवायचेत, तर दोन रस्ते. छोट्या रकमेसाठी संस्थेच्या संकेतस्थळावर कार्ड. आधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा, बँक साधारण 2 ते 3.5 टक्के जादा घेईल ते धरून चाला. दरमहा आपोआप कापलं जाणारं दान परदेशी संकेतस्थळांवर भारतीय कार्डाने बऱ्याचदा अडतं, तेव्हा वर्षातून एकदाच द्या. मोठ्या रकमेसाठी बँकेतून रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली (एलआरएस) पाठवा. वर्षाला माणशी अडीच लाख डॉलर ही मर्यादा, म्हणजे तिची चिंता आपल्यापैकी कोणी करायला नको. पॅन आणि ए2 फॉर्म लागतो. कारणाच्या रकान्यात ‘परदेशातील धार्मिक व धर्मादाय संस्थांना देणगी’ हा एस1303 संकेत लिहायचा. काउंटरवरचा माणूस सवयीने कुटुंबखर्चाचा संकेत टाकतो, तो बदलून घ्या. वर्षभरात परदेशी पाठवलेली रक्कम 10 लाखांच्या वर गेली तर वरच्या भागावर 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घेतलेला कर, कापतात. तो बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो. मधल्या बँकाही आपापली फी कापून घेतात, म्हणून पाच-दहा हजारांसाठी हा रस्ता परवडत नाही.

पायरी 8: परदेशात राहत असाल तर

अमेरिकेत संस्था 501(सी)(3), म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था, आहे का ते कर खात्याच्या यादीत बघा आणि कंपनी तुमच्या देणगीत तेवढीच भर घालते का ते एचआरला विचारा. ही भर दरवर्षी कितीतरी लोक मागतच नाहीत. ब्रिटनमध्ये करदाते असाल तर ‘गिफ्ट एड’च्या चौकटीत खूण करा, पाउंडामागे 25 पेन्स सरकारकडून संस्थेला मिळतात. संयुक्त अरब अमिरातीत मात्र जपून. परवान्याशिवाय देणग्या गोळा करायला तिथे कायद्याने बंदी आहे आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची वर्गणीही त्यात येऊ शकते. स्वतः मान्यताप्राप्त संस्थेला द्या, इतरांकडून गोळा करू नका.

परदेशातून भारतातल्या रुग्णालयाला द्यायचं असेल तर पासपोर्ट महत्त्वाचा. भारतीय नागरिक असाल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. ओसीआय, म्हणजे परदेशी पासपोर्ट घेतलेले मूळचे भारतीय, असाल तर धरली जाते. मग त्या संस्थेकडे विदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी हवी आणि पैसे तिच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जायला हवेत. गावच्या शाखेतल्या खात्यात टाकलेत तर संस्था गोत्यात येईल, तुम्ही नाही.

पायरी 9: किती, कशासाठी राखीव, आणि वर्षानंतर

एका शस्त्रक्रियेइतके पैसे जमेपर्यंत थांबू नका. ‘फक्त अमुक रुग्णासाठी’, ‘फक्त यंत्रासाठी’ अशा अटी घालू नका. विश्वास बसला असेल तर पैसे मोकळे द्या, आणि दहा संस्थांना थोडे थोडे देण्यापेक्षा एक-दोघींना सलग तीन वर्षं द्या. भूलतज्ज्ञाला नोकरीवर ठेवायचं तर पुढच्या वर्षीही पैसे येणार याची खात्री लागते. स्मरणार्थ देणगी असेल तर तिथीची वाट न बघता संस्थेचं आर्थिक वर्ष कधी संपतं ते विचारून घ्या, कारण डिसेंबरात पैशांचा पूर येतो आणि वर्षाच्या मध्यात थिएटर बंद ठेवायची पाळी येते.

वर्षानंतर नवा अहवाल आला की तीन आकडे जुन्या अहवालाशेजारी ठेवा: शस्त्रक्रियांची संख्या, रोख खर्च, परत तपासायला आलेल्यांचं प्रमाण. संख्या घटली म्हणून लगेच दान थांबवू नका. इथिओपियात टिग्रेच्या युद्धात रुग्णांना प्रवासच करता येत नव्हता. कधी सोप्या केस संपून अवघड उरतात आणि एकेकीला दुप्पट वेळ लागतो. कारण विचारा. कारण न देता अहवालातून तो रकानाच गायब झाला असेल, तर मात्र पुढच्या वर्षीचे पैसे दुसऱ्या संस्थेला.